माशी गेली

मी बोलतोय. माझा आवाज ओळखीचा वाटणार नाही, कारण माझं काम दुसऱ्यांचे आवाज पोचवण्याचं. मी बोटभर लांबीचा एक सर्किट बोर्ड. सेलच्या अधिक व्होल्टेजमधून उणे व्होल्टेज तयार करून द्यायचं, एवढंच मला येतं. ऐकण्याच्या यंत्रातल्या ॲम्प्लिफायरला दोन्ही लागतात. मी उठलो नाही, म्हणजे चालूच झालो नाही, तर तो मुका.

माझा जन्म एका मुलीच्या टेबलावर झाला. ती यंत्रं दुरुस्त करायची. तिच्या बाबांचे कान मंदावले होते आणि विकतची यंत्रं त्यांना मानवत नव्हती. म्हणून तिने स्वतःच डबी केली: माइक, कानातला बोळा, एक हिरवा दिवा आणि पोटात मी.

पहिल्या दिवशी बाबांनी बोळा कानात घातला आणि ते हसले. म्हणाले, "ऐकू येतंय, बाळ. पण तुझ्या आवाजात एक माशी गुणगुणते."

ती माशी म्हणजे मी. माझ्या कामाची थोडी गुणगुण आवाजात उतरते. मुलगी हट्टी. तिने माझ्या तोंडाशी गुणगुण गिळणारा, वीज साठवणारा भला मोठा कपॅसिटर बसवला. टेबलावरच्या पॉवर सप्लायवर लावून पाहिलं, तर आवाज कसा लख्ख. ती खूश झाली.

पण मोठा कपॅसिटर म्हणजे रिकामा हंडा. बटण दाबताच आधी तो भरायचा, आणि त्या पहिल्या क्षणी मला भसकन करंट लागायचा. टेबलावरचा सप्लाय दांडगा, मागाल तेवढा देणारा. बाबांचे सेल मात्र थकलेले. नवे सेल आधी टॉर्चमध्ये आणि टॉर्च पिवळी पडली की माझ्यात, ही त्यांची जुनी सवय. तळहातांत चोळून ऊब द्यायचे आणि घालायचे. मी ओढ घेतली की सेल मान टाकायचे. मी बसायचो, पुन्हा उठू पाहायचो, पुन्हा बसायचो. दिव्याला माझी गरज नव्हती. तो जरासा थरथरायचा, पण लागलेला राहायचा.

बाबांनी बोळा घालून बटण दाबलं, तर दिवा लागला आणि कानात काहीच आलं नाही. मुलगी समोर आशेने बघत होती.

"गेली माशी," बाबा म्हणाले. ते खोटं नव्हतं.

मुलगी खोलीबाहेर गेल्यावर मला हातात धरून ते पुटपुटले, "यंत्र चांगलंय. कानच संपले." पोरीने जीव ओतून केलेली वस्तू वाया गेली हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? मग रोज संध्याकाळी ते बोळा घालून बसायचे, तिच्या ओठांकडे बघायचे आणि हो म्हणून मान हलवायचे. मला आतून ओरडावंसं वाटायचं. पण ज्याला उठताच येत नाही, तो ओरडणार कसा?

एकदा शेंगा सोलताना, मान खाली घालूनच तिने विचारलं, "बाबा, लांबच्या कारखान्यात बोलावलंय. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार. जाऊ ना?"

ओठ दिसले नाहीत. बाबांनी सवयीने मान हलवली आणि वर हसलेही.

दाराशी बॅग दिसली तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मला कुणी चालू केलं नाही. पुढच्या थंडीत बाबा झोपेतच गेले.

घर आवरायला मुलगी आली. मी हाती लागलो. तिने बोळा कानात घातला, बटण दाबलं. दिवा लागला. आवाज नाही. तिने मीटर लावला, सेल तेच ठेवले. काटा उठायचा, पडायचा. ती बघत राहिली आणि मग खाली बसली. "म्हणजे त्यांना ऐकूच गेलं नव्हतं," एवढंच म्हणाली. मी तिला इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मोठा कपॅसिटर काढून छोटा बसवला आणि मी हळूहळू उठावं अशी सोय केली. त्याच थकलेल्या सेलवर मी उठलो. माशीही परतली. ती तिने राहू दिली.

आता मी तिच्या टेबलावर असतो. माझं मागणं एवढंच: दिवा लागला म्हणजे ऐकू गेलं, असं धरून चालू नका. विचारताना मान वर करा.

मला दुरुस्त केलं त्या दिवशी तिने बोळा बाबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि माइक ओठांशी धरला.

"बाबा, जाऊ ना?"

मी शब्द न् शब्द पोचवला, खुर्चीपर्यंत.