कथलाचे चार तुकडे

बेंबळी गावाच्या अलीकडचा तलाव आटून आटून भेगाळला आणि माणिकप्पाला धावपट्टी मिळाली. बहात्तरच्या दुष्काळानं त्याला दिलं ते एवढंच.

विहिरींना पाणी नाही म्हणून पंप मुके, आणि पंप मुके म्हणून कोंडीराम मिस्त्री रिकामा. रोज सकाळी तो सोसायटीच्या ओस गोदामात यायचा. हवाई दलातून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या माणिकप्पांनी, म्हणजे अप्पांनी, तिथं सात वर्षं खपून एका माणसापुरतं विमान जोडलं होतं. दोघं ते ढकलत ढकलत तलावात न्यायचे आणि इंजिन चालवताना ते पळू नये म्हणून शेपटी बाभळीला दोरखंडानं करकचून बांधायचे.

विमानाला इंजिन होतं जुन्या मोटारीचं, पाण्यावर नाही तर वाऱ्यावर थंड होणारं. ते वर तापून जाम झालं तर आभाळात बैलगाडीसारखं कडेला लावता येत नाही. चार सिलिंडरांचा ताप मोजायला चार काटे कुठून आणायचे? अक्कल कोंडीरामनं लढवली. त्याचा बाप कल्हईवाला. कथील दोनशे बत्तीस अंशाला वितळतं, आणि अप्पांच्या हिशेबी धोक्याची रेघही तिथंच. मग प्रत्येक सिलिंडरच्या डोक्याला तारेनं कथलाचा तुकडा बांधायचा, इंजिन वीस मिनिटं पुऱ्या जोरात पळवायचं आणि वरचा पत्र्याचा टोप काढून बघायचं: तुकडा वितळला तर धोका, शाबूत तर उडायला मोकळं.

चार खेपा झाल्या. चारही खेपा मागच्या उजव्या सिलिंडरचा तुकडा वितळला. काल अप्पांनी डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून वारा तिकडं वळवणारा नवा आडोसा बसवला होता.

आज निघताना अप्पांच्या बायकोनं, सिताबाईंनी, कोंडीरामला दारात गाठलं.

"भावजी, आजबी कथील वितळलंच म्हणा, म्हंजे उडायचं ऱ्हाईल."

"वैनी, खोटं कसं बोलू?"

"साठीला आलाय त्यो माणूस. दिसायचंबी कमी झालंय. तुमचं ऐकतोय, माझं न्हाय."

सकाळच्या गारव्यात इंजिन वीस मिनिटं गरजलं. थांबल्यावर कानात नुसती शिट्टी उरली. कोंडीरामनं टोप उचलला. चारही तुकडे जसेच्या तसे, कोपरेसुद्धा शाबूत.

"काय म्हणतंय?" अप्पांनी बसल्या जागेवरून विचारलं. आवाजात लग्नाच्या नवऱ्याची घाई होती.

'वितळलं' एवढ्या एका शब्दात सिताबाईंचं काम भागत होतं. पण तो शब्द काही केल्या कोंडीरामच्या तोंडातून निघेना.

"चारीबी शाबूत हायती अप्पा." मग घाम पुसत म्हणाला, "पण ही सकाळ हाय. वारं गार हाय. दुपारच्याला घेऊ. उन्हात टिकलं तरच खरं."

"लई वंगाळ परीक्षक हाईस तू," अप्पा हसले. पण थांबले.

दुपारी तलाव तव्यासारखा तापला. बाभळीला सावली म्हणायची तेवढीच. पुन्हा वीस मिनिटं. कोंडीरामनं टोप उचलला आणि तसाच उभा राहिला. मागच्या उजव्या डोक्यावर तार रिकामी होती. खाली, सिलिंडर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पाकळ्यांत, चांदीसारखा एक थेंब गोठत होता.

"वितळलं, अप्पा."

अप्पांनी बसल्या जागेवरून त्याच्याकडं मान वळवली.

"सितानं असं म्हणायला सांगितलं व्हय तुला?"

"सांगितलं व्हतं. सकाळीच."

"अन् सकाळी तू शाबूत म्हणालास."

"शाबूत व्हतं म्हणून म्हणालो."

अप्पा कण्हत खाली उतरले. डोळे बारीक करून त्यांनी इंजिनात बघितलं, काही दिसलं नाही. मग रुमाल गुंडाळलेल्या बोटानं पाकळ्या चाचपत गेले. बोट थेंबापाशी थांबलं. चटका बसला तरी त्यांनी ते लगेच काढलं नाही.

"खरंय," ते म्हणाले. "मोकळा वारा यायला टोपाचं तोंड लई लहान ठिवलंय म्या. आख्खा टोपच नवा करावा लागंल. वरीसभर लागंल."

वरीसभरानं अप्पांचे डोळे किती उरतील, हे कोंडीरामनं विचारलं नाही. जिंकल्यासारखं त्याला काहीच वाटत नव्हतं. दोघं चाकाला टेकून मातीत बसले.

"सिताला तूच सांग," अप्पा डोळे मिटून म्हणाले. "माझ्या तोंडून आयकलं तर म्हणंल, मला फसवून उद्या उडायचा बेत केलाय."