ज्याचं त्याचं पाणी

बुधवारी सकाळी साडेनऊला निळ्या बेडकाने वृषालीच्या सासऱ्यांना पाठीवर घेतलं आणि ओट्यावरच्या तांब्यात नेऊन सोडलं. अण्णा लहान झाले नव्हते आणि बेडूकही मोठा झाला नव्हता. चांगले पाच फूट आठ इंचांचे अण्णा धोतर-टोपीसकट त्या अंगठ्याएवढ्या बेडकाच्या पाठीवर मावले, आणि तांब्यातही मावले. वृषालीच्या हातातला झारा खाली पडला.

"अगं बाई! अहो, अण्णा बघा!"

बेडूक तिच्या नवऱ्याचे. धनराज गांगुर्डेला तरुणपणी कसलीच हौस नव्हती, ती सगळी चाळिशीत उफाळून आली. लोक मासे पाळतात, पोपट पाळतात. ह्या गृहस्थाने हॉलमध्ये टीव्ही हलवून काचेची पेटी मांडली आणि तिच्यात विषारी बेडकांची जोडी सोडली. विषारी! घरात पाच वर्षांची पोर, जुई, दिसेल त्याला हात लावणारी. वृषालीने तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. धनराज शांतपणे म्हणाला होता, "अगं, यांचं विष जंगलातल्या मुंग्या खाऊन येतं. आपल्याकडे केळ्यावरची चिलटं खातात. गरीब गाय आहेत." आणि ते खरंच होतं हो. विषाने त्या घरात कुणाला साधी खाजसुद्धा सुटली नाही.

आता धनराज तांब्यात डोकावला. त्याला विशेष काही वाटलेलं दिसलं नाही.

"नर आहे तो," तो म्हणाला. "पिल्लं पाठीवर घेतो आणि प्रत्येकाला वेगळ्या पाण्यात सोडतो. एका पाण्यात दोघं ठेवली तर खातात एकमेकांना."

"अण्णा काय पिल्लू आहेत?"

"ते मला काय विचारतेस?"

वृषालीने तांब्यात हात घातला. अण्णा बुळबुळीत लागले आणि बोटांतून निसटले. "काढू नकोस सूनबाई," ते आतून म्हणाले, "बाहेर मी वाळेन." त्यांच्या एका कानाची पाळी पाण्याबाहेर राहिली होती. तिने हात लावला तर पापडासारखा तिचा तुकडाच पडला. तिने तो तुकडा पदराला बांधला, कारण टाकून द्यायचा धीर होईना.

दहा वाजता धनराज कामावर जायला निघाला. एक बूट पायात, दुसरा हातात, एवढ्यात बेडूक आला आणि त्याला पाठीवर घेऊन न्हाणीघरातल्या बादलीत सोडून गेला. वृषाली दारात उभी.

"अहो, डबा?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"राहू दे," धनराज म्हणाला. "पाणी छान गार आहे."

मग तिच्या लक्षात आलं, की घरात आता ती आणि जुई. जुई हॉलमध्ये फरशीवर खडूने घर काढत बसली होती. बेडूक पेटीच्या काचेवर बसून तिच्याकडे बघत होता.

त्या गावात नळाला दहा दिवसांनी पाणी येतं. आलं की बायका कामधंदा सोडून भरत बसतात. वृषालीने परवाच भरलं होतं: हंडे, कळश्या, पिंप, पातेली, कुकर, बिस्किटांचे डबे, जुईची वॉटरबॅग. घर काठोकाठ भरलेलं, म्हणजे पोरीला सोडायला जागाच जागा! पाणीच नसेल तर मेला नेईल कुठे, असा तिने विचार केला आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. पाणी ओतून दिलं. हंडा मोरीत उपडा केला, पिंप आडवं केलं, टाकीच्या तोट्या मोकळ्या सोडल्या. फ्रिजमधला बर्फ, दूध, पेटीवर मारायचा फवारा, काहीही ठेवलं नाही. फक्त तांब्या आणि बादली तशीच राहू दिली. ओतताना तिला चोरी करतेय असं वाटत होतं.

हॉलमध्ये आली तर जुई बेडकाच्या पाठीवर बसली होती.

"आई, बघ ना, मी बसले!"

बेडूक तिला घेऊन स्वयंपाकघरात गेला. एकेका भांड्याच्या काठावर चढला, आत बघितलं, उतरला. कुकरसुद्धा बघितला.

"अहो, पाणी नाही तरी कसं घेतलं हो त्याने तिला?" वृषाली ओरडली.

"आधी पाठीवर घेतो," बादलीतून धनराज म्हणाला. "पाणी मग शोधतो."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे?"

जुईच्या कोपराला भेग पडली. रक्त आलं नाही, नुसती बारीक पूड सांडली. वृषालीने बेडकाला तिच्यासकट ओंजळीत उचललं आणि न्हाणीघराकडे धाव घेतली.

"इकडे आणू नकोस," धनराज म्हणाला.

"तुमची मुलगी आहे ती!"

"म्हणूनच सांगतोय. मला भूक लागली आहे. मला आवरणार नाही."

ती ओट्याकडे वळली. अण्णा फक्त वर आले आणि त्यांनी तोंड उघडलं.

वृषालीने बाहेरचं दार गाठावं म्हणून वळून बघितलं. भांडी रिकामी झाली तसं घर वाढत गेलं होतं. दार पार तिकडे, बोटाएवढं दिसत होतं. तिथवर पोचेतो संध्याकाळ झाली असती. स्वयंपाकघराची खिडकी तेवढी जवळ होती. तिने गज धरून शेजारच्या शेवंताकाकूंना हाक मारली.

"काकू, वाटीभर पाणी द्या हो! जुईसाठी!"

"वाटीभर?" काकू पलीकडून कडाडल्या. "आत्ता अर्धा तास गटारात सोडत होतीस ते काय होतं गं? माझी नातवंडं तोंड धुवायची थांबलीत, आणि तुला माज आलाय? तुझ्या जिवाला काही वाटतं का?" आणि खिडकी लागली.

त्यांचं तरी काय चुकलं, सांगा. वृषाली मटकन खाली बसली. निदान डोळ्यांत तरी पाणी यावं म्हणून तिने जंग जंग पछाडलं. आई गेली तो दिवस आठवला, जुईचा पहिला ताप आठवला. पण बसलेला धक्काच असा होता की टिपूस येईना. जुईची करंगळी गळून फरशीवर पडली आणि खडूच्या पुडीत मिसळली.

"आई, लवकर ना गं," जुई म्हणाली.

बेडूक ओंजळीतून मनगटावर आला. दंडावरून खांद्यावर, खांद्यावरून गालावर चढला. त्याचे पाय गार होते. डोळ्याच्या कडेला येऊन तो थांबला आणि भांड्यांत बघितलं तसं त्याने वाकून आत बघितलं.

जुईने एक पाऊल आत टाकलं. मग दुसरं. वृषालीला डोळ्यात मिठासारखी आग जाणवली, पाणी तरारलं, पापणी थरथरायला लागली.

"खारट आहे," जुई गळ्यापर्यंत बुडत म्हणाली. "पण आई, आता डोळा मिटू नकोस हं."