चिकटपट्टीखालचा पिवळा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. दिवा म्हटलं की तुम्हाला उजेड आठवेल, पण माझ्या उजेडात सुईत दोरासुद्धा ओवता यायचा नाही. मोटार चालवणाऱ्याच्या समोर वेगाचा काटा असतो ना, त्याच्या शेजारी तुरीच्या डाळीएवढा मी बसलेला आहे. रंग पिवळा, अंगावर इंजिनाचं चित्र. किल्ली फिरवली की मी क्षणभर पेटतो आणि गाडी सुरू झाली की विझतो. मग दिवसभर विझून राहणं हेच माझं काम. हेडलाइट मिरवतात, इंडिकेटर टिकटिक करत लक्ष वेधून घेतात, मी मात्र गप्प. इंजिनाला काही दुखलंखुपलं, तरच मी पेटतो आणि कुणी विचारपूस करेपर्यंत पेटलेलाच राहतो. मला तेवढं एकच बोलणं येतं.

अठ्ठ्याण्णव साली आनंद चंदनशिवे यांनी मुंबईत आमची गाडी घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत ती बारामतीजवळच्या जळोचीला आणून वडिलांच्या हवाली केली. वडील म्हणजे रामभाऊ गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, स्वभावाने नीटनेटके. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. ते काम त्यांचा भाचा सोमनाथ याच्याकडे आलं. सोमनाथ मामाकडेच राहायचा आणि दूध संकलन केंद्रावर कामाला होता. शेतकऱ्यांनी आणलेल्या दुधाची फॅट मोजायची आणि गरज पडली तर दुधाचा टेम्पो चालवायचा, ही त्याची नोकरी. त्याने आमच्या गाडीवर जीव लावला. रोज सकाळी तो काच पुसताना मला त्याचा चेहरा दिसे, आणि तो गाणं गुणगुणत असे.

आता थोडं गाडीच्या पोटातलं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच घडलं. गाडीखाली धुराच्या नळीत एक डबा होता, आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. इंजिनातला विषारी धूर त्या जाळीतून गेला की निवळून बाहेर पडायचा. डब्याच्या अलीकडे एक सेन्सर होता, तो धूर हुंगून इंजिनाला खबर द्यायचा. त्या काळी साध्या पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असे, आणि शिसं म्हणजे या दोघांना विष. म्हणून आनंदरावांनी जाताना बजावलं होतं की हिला बिनशिशाचंच पेट्रोल घाला. कुणी चुकू नये म्हणून टाकीचं तोंडसुद्धा अरुंद ठेवलेलं होतं. साध्या पेट्रोलची जाड नळी त्यात शिरतच नसे.

गाडी आल्यावर चार दिवसांनी आम्ही सोलापूर रस्त्यावरच्या डाळजला गेलो. तिथे रामभाऊंची थोरली बहीण राहायची, धोंडाबाई. तीच सोमनाथची आई. रामभाऊ लहान असताना पुण्या-सोलापूरच्या रस्त्याचं काम निघालं होतं. धोंडाबाईंनी त्या रस्त्यावर खडी फोडली, पाट्या वाहिल्या आणि भावाला इंदापूरला शिकायला ठेवलं. भाऊ गुरुजी झाला. बहिणीच्या छातीत मात्र त्या धुळीने कायमचा दमा ठेवला. यष्टीच्या गर्दीत तिचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून तिने गावाबाहेर जाणंच सोडलं होतं.

सोमनाथने दार उघडून धरलं, तरी ती आत बसेना. हात शेणाने भरलेले होते, ती नुकतीच घर सारवून उठली होती. खिडकीतूनच तिने आत डोकावून पाहिलं. सोमनाथने किल्ली फिरवली, आम्ही सगळे दिवे पेटलो आणि विझलो. एकेकाचं काम तिने विचारून घेतलं. शेवटी माझ्याकडे बोट केलं.

"आन् ह्यो पिवळा?"

रामभाऊंनी सांगितलं, "आक्का, इंजिनाला काही झालं तर तो लागतो. एरवी गप्प असतो."

"मंग त्याचं ऐकत जावा," ती म्हणाली. "गप माणूस बोलला तर आयकावं."

मित्रांनो, माझ्या सबंध आयुष्यात माझी चौकशी करणारी ती एकटीच. मला ती तेव्हापासून आवडू लागली. गाडीत बसण्याचं मात्र तिने लांबणीवर टाकलं. वैशाखी पौर्णिमेला इंदापूरच्या विहारात जायचं, तेव्हा नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसेन, असं तिने ठरवून टाकलं. "ह्या रस्त्याची खडी म्या डोक्यावरनं व्हायली," ती म्हणाली, "पर म्होरच्या काचंतनं त्यो कसा दिसतो, ते कदी बगितलं न्हाय." रामभाऊंनी तिला शब्द दिला.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. पुण्याकडे जाणाऱ्या कुणाकडून तरी कॅनमध्ये बिनशिशाचं पेट्रोल यायचं. पण कॅन वेळेवर येईनात, आणि नेहमीच्या पंपावर ते पेट्रोल मिळत नव्हतं. सोमनाथला मुळातच ते पटलेलं नव्हतं. दिवसभर दुधाची फॅट मोजणारा माणूस तो. ज्यातून काही काढून घेतलं ते सपक, असा त्याचा हिशेब. "मामा, बिनशिशाचं म्हंजी साय काढल्यालं दूध," तो म्हणाला. "मुंबईच्या गाड्यांना चालत आसंल. आपल्या गाडीला चांगलं सकस घालू." रामभाऊंनी मान हलवली. मालनबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, घरातलं नरसाळं काढून दिलं. अरुंद तोंडात नरसाळं बसलं आणि त्यातून शिशाचं पेट्रोल टाकीत उतरलं. पंपावरून निघताना सोमनाथने बॉनेटवर थाप मारली, बैलाला पेंड घातल्यावर मारतात तशी. त्याच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं.

अशा किती टाक्या भरल्या, मला आठवत नाही. सेन्सरवर शिशाचा थर बसला, जाळी आतून मरू लागली, आणि होळीच्या सुमारास एका सकाळी मी पेटलो.

त्यांनी दुर्लक्ष केलं असं मी म्हणणार नाही. रामभाऊंनी गाडीचं पुस्तक काढलं आणि भिंग लावून वाचलं. इंजिन तपासा, असं त्यात लिहिलेलं. मग दोघांनी बॉनेट उघडून इंजिन तपासलं. ऑइल होतं, पाणी होतं, पट्टा ताठ होता. सगळं जागच्या जागी पाहून त्यांनी बॉनेट लावून टाकलं. मी पेटलेलाच. मग त्यांनी ठरवलं की माझंच काहीतरी बिघडलंय. गाडी तर चालत होती! पाहुणे बसले की पहिल्यांदा मीच त्यांच्या नजरेत यायचो, आणि काय बिघडलं म्हणून विचारणा व्हायची. रामभाऊंना ते लागायचं. एकदा सोमनाथने मालनबाईंच्या डब्यातून जखमेवर लावायची चिकटपट्टी आणली, बोटभर तुकडा कापला आणि माझ्यावर चिकटवला. मित्रांनो, दुखणं एकीकडे आणि पट्टी भलतीकडेच! राग आला मला. पण पट्टीखाली चरफडून कुणाला काय दिसणार? मी आपला पेटून राहिलो.

मार्च सरला, एप्रिल आला. गाडी चढाला कुरकुरू लागली. बसणारे म्हणत, उन्हाने होतं असं. डाळजहून निरोप आला की धोंडाबाईंचा खोकला वाढलाय. कुणाच्या तरी हाती खोकल्याच्या औषधाची बाटली पाठवून दिली. पौर्णिमेला भेट व्हायचीच होती, तेव्हा नीट बघू, असं गाडीत बोलणं झालं.

पौर्णिमेच्या सकाळी गाडी धुतली. पांढऱ्या पातळाला डाग पडायला नको, असं म्हणत मालनबाई मागे बसल्या. पुढची सीट धोंडाबाईंसाठी मोकळी ठेवून रामभाऊही मागेच बसले. सोमनाथ खुशीत गाणं गुणगुणत होता. भिगवणच्या अलीकडे एक साधा चढ आहे, बैलगाडी सहज चढते असा. त्या चढावर गाडीचा दम कोंडला. मेलेली जाळी वितळून बसली होती आणि धुराला बाहेर पडायला वाट उरली नव्हती. सोमनाथने पाय दाबला तसं इंजिन नुसतं घुसमटलं, आणि गाडी थांबली.

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी भिगवणला ओढत नेली, तोवर ऊन चांगलंच तापलं होतं. तिथल्या मिस्तरीने बॉनेट उघडलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की अशी गाडी आपण पाहिलेली नाही. सणाचा दिवस, भाड्याच्या सगळ्या जीपा आधीच ठरलेल्या. सोमनाथ एका ट्रकला हात करून डाळजला निघून गेला. तो पोचला तेव्हा दुपार कलली होती.

तिथे काय घडलं होतं, ते मला नंतर गाडीतल्या बोलण्यातून कळलं. धोंडाबाई नवं लुगडं नेसून सकाळीच फाट्यावर येऊन बसली होती. मागे लिंबाची सावली होती, पण तिथून लांबचा रस्ता दिसत नव्हता, म्हणून ती उन्हात मैलाच्या दगडावर बसली. शेजारची छबूबाई दोनदा बोलवायला आली. गाडी येऊन निघून जाईल, या भीतीने ती उठली नाही. वैशाखाचं ऊन तिच्या छातीला सोसलं नाही. सोमनाथ पोचला तेव्हा छबूबाईने तिला घरी नेऊन निजवलं होतं, आणि तिला श्वास पुरत नव्हता.

सोमनाथने गावातून एक जीप मिळवली आणि आईला इंदापूरच्या दवाखान्यात नेलं. जीपच्या मागच्या फळीवर तिला निजवलं होतं. तिने वाहिलेल्या खडीचा तोच रस्ता होता. तिला वरचं ताडपत्रीचं छत तेवढं दिसलं.

काही दिवसांनी आमची गाडी ट्रकवर चढवून पुण्याला नेली. सोबत रामभाऊ आणि सोमनाथ आले. वर्कशॉपमध्ये केयूर नावाचा तरुण इंजिनिअर होता. आत बसल्याबरोबर त्याने चिकटपट्टी सोलून काढली. इतक्या दिवसांनी मला माणसांचे चेहरे दिसले. रामभाऊ ओळखू येत नव्हते, एवढे खंगले होते. केयूरने तारेचा एक तुकडा घेतला आणि गाडीतल्या एका खोबणीतली दोन टोकं जोडली. असं केलं की मला नुसतं पेटण्यापलीकडे थोडं बोलता येतं. मी लुकलुकतो, आणि माझं लुकलुकणं मोजून दुखणं कुठे आहे ते जाणकाराला कळतं. मी जीव तोडून लुकलुकलो. सेन्सरचं मी सांगितलं, जाळीचं त्याने नळी उतरवून पाहिलं. मग त्याने विचारलं, पेट्रोल कोणतं घालता?

सोमनाथने सगळं खरं सांगितलं, नरसाळ्यासकट.

केयूर रागावला नाही. "काका," तो रामभाऊंना म्हणाला, "हा लागला तेव्हाच गाडी दाखवली असती, तर एवढं झालं नसतं."

सोमनाथ माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "मामा, दवाखान्यात आयनं मला इचारलं. म्हनली, त्यो पिवळा काय बोलला न्हाय व्हय रं? आन् मी म्हनलो, न्हाय."

मित्रांनो, मला त्या वेळी फार वाईट वाटलं. मी बोललो होतो, पण त्याचं मला समाधान वाटेना. मुलाने आईशी खोटं बोलावं आणि त्या खोट्यात आपण असावं, असं कुणालाही वाटणार नाही.

नवा डबा लवकर मिळेना. आमची गाडी वर्कशॉपच्या मागे पावसात उभी राहिली. धोंडाबाई दवाखान्यातून घरी आली, पण अंथरुणातून उठली नाही. दुसऱ्याची गाडी करून तुला फिरवून आणतो, असं रामभाऊंनी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, आपलीच येऊ दे. भाद्रपदात ती गेली. आमची गाडी त्यानंतर पंधरवड्याने दुरुस्त झाली.

जळोचीला यायच्या आधी सोमनाथने रामभाऊंना घेऊन गाडी सरळ डाळजला नेली. फाट्यावर, त्या मैलाच्या दगडापाशी थांबवली. छबूबाईने धोंडाबाईचं ते नवं लुगडं धुऊन, घडी घालून ठेवलं होतं. ते तिने रामभाऊंच्या हातात दिलं. ते एकदाच नेसलेलं होतं. रामभाऊंनी पुढचं दार उघडलं, लुगडं सीटवर ठेवलं आणि स्वतः मागे बसले. सोमनाथने किल्ली फिरवली. मी पेटलो. मी विझेपर्यंत तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मगच त्याने गाडी हलवली. इंदापूरपर्यंत आम्ही इतके सावकाश गेलो की मागचे ट्रक हॉर्न वाजवून पुढे जात होते. समोरच्या काचेतून रस्ता सरळ दिसत होता. चांगला रस्ता होता. विहाराच्या दारात रामभाऊ लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर गाडीने पुष्कळ वर्षं काम केलं. ते नरसाळं मालनबाईंनी पुन्हा कधी वापरलं नाही. आता गाडी जळोचीच्या घरामागे पत्र्याखाली उभी आहे. टायर बसले आहेत आणि माझ्यावरच्या काचेला चिकटपट्टीचा डाग अजून आहे. तो निघत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, गाडीत, शेतात माझ्यासारखे लहान दिवे असतील. काही दिवे माणसांच्या रूपात असतात. फारसं न बोलणारी एखादी आजी सहज म्हणते की आज जरा छातीत भरून आलंय. तेव्हा तिला औषधाची बाटली पाठवून गप्प करू नका. तिच्याजवळ जा, तिला विचारा. आम्हाला फार बोलता येत नाही.

सोमनाथचे केस आता पिकले आहेत. वैशाखी पौर्णिमेला तो दरवर्षी येतो, गाडीत बसतो आणि किल्ली फिरवतो. बॅटरी कधीच उतरली आहे, त्यामुळे मी काही पेटत नाही. तरीही तो माझ्याकडे बघत थांबतो. मग पुढच्या सीटवरची धूळ हाताने पुसतो आणि दार लावून घेतो.