गाल, गुडघा, मांडी

"मिस्त्री, ही तिसरी खेप," गाडी स्टँडला लावत पोस्टमन म्हणाला. "दर दाराशी मी थांबतो आणि दर दाराशी ही मरते. नाही मेली तर उगाच बोंबलत सुटते. लोक पत्र घ्यायच्या आधी कानात बोटं घालतात!"

आमचे हे हसले. पोस्टमन हसला म्हणून हसले, ऐकलं काहीच नव्हतं. मी गॅरेजच्या दाराशी स्टुलावर वाटाणे सोलत बसले होते. शेजारीपाजारी म्हणतात, मिस्त्रीच्या बायकोला घरात करमत नाही. म्हणू देत. सहा वर्षं झाली, यांचे कान गेलेत, आणि माझ्याशिवाय हे कुणालाही ठाऊक नाही.

गाडी उभी असताना इंजिन मरूही नये आणि ओरडूही नये, यासाठी एक स्क्रू असतो. तो कानानंच लावायचा. मी गालाला हात लावला की यांनी स्क्रू थोडा आत घ्यायचा, गुडघ्यावर ठेवला की थोडा बाहेर. दोन्ही हात मांडीवर आले की बस्स, जमलं. हे कुणी कुणाला शिकवलं नाही. एकदा आवाज फार चढला म्हणून मी गुडघा घट्ट धरला, ते यांनी पाहिलं, तेव्हापासून चाललंय. पण 'मला ऐकू येत नाही' हे शब्द यांनी माझ्यापाशीसुद्धा काढले नाहीत. मीही विषय काढला नाही. बहिऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण देणार? आणि या पोस्टमनच्या तोंडात तर तीळ भिजत नाही. त्याला कळलं की पत्रांबरोबर ही बातमीही दारोदार वाटली जाणार.

प्लग बदलून झाला होता. कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला होता. यांनी पुन्हा स्क्रूला हात घातला. आवाज पडला, मी गालाला हात लावला. चढला, गुडघा. परत पडला. गाल, गुडघा, गाल. माशा हाकलाव्यात तसे माझे हात चालले होते, मांडीवर काही येईनात. यांच्या कपाळावर घाम आला. पूर्वी गाडी रस्त्यावर असतानाच हे आतून सांगायचे, "हवा खातेय कुठेतरी."

एवढ्यात पडलेला पाना उचलायला हे वाकले आणि तोल सावरायला डावा हात कार्बोरेटरवर टेकला. आवाज एकदम सुतासारखा सरळ झाला. हात उचलला, पुन्हा तेच रडगाणं.

यांना पत्ताच नाही. हे परत स्क्रूकडे वळले. आता काय करू? 'मघाशी हात टेकलात ना, तिथेच टेका' याला आमच्यात खूणच नव्हती. ओरडले असते तर यांना ऐकू गेलं नसतं, पोस्टमनला मात्र गेलं असतं. गप्प बसले असते तर गाडी दुसरीकडे गेली असती, आणि 'मिस्त्रीला आता जमत नाही' असं गावभर झालं असतं.

उठले. वाटाणे सांडले, सांडू देत. सरळ जाऊन यांचा हात धरला आणि कार्बोरेटरवर दाबला. सोडला. पुन्हा दाबला. यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग बोटं हळूच खाली सरकवली, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराखाली. इंजिन बंद केलं, रबर काढून वाकवलं. खालच्या अंगाला नखाएवढी चीर होती; गाडी तिथूनच हवा खात होती, वरून दाबलं की चीर मिटायची.

"वहिनी, तुम्हाला कसं कळलं? आणि मिस्त्रींना..." पोस्टमन बोलता बोलता थांबला.

यांना शब्द कळले नाहीत, पण त्याचा चेहरा कळला. हे हात पुसत, जरा मोठ्यानंच म्हणाले, "मला ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. इथले कान हिचे आहेत."

मला रडूच फुटलं. सहा वर्षांत जे मला सांगितलं नाही, ते सांगितलं कुणाला, तर या वटवट्याला!

नवं रबर बसवलं. मी स्टुलावर जाऊन बसले. या वेळी एकदाच गाल, एकदाच गुडघा, आणि आवाज ठरला. पोस्टमननं पिशवी खांद्याला अडकवली. "वहिनी, दुसऱ्याची पत्रं मी फोडत नाही," एवढंच बोलला आणि निघाला.

पलीकडच्या दाराशी तो थांबला. इंजिन चालूच होतं. त्याच्या पुढच्या दाराशीही चालूच. मग गाडी वळणाआड गेली आणि मलाही ऐकू येईना. हे अजून माझ्या हातांकडे बघत उभे होते. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.