पाचव्या अंकातला मामा

मानवजातीने आजवर जे जे थोर निर्माण केलं त्या सगळ्याच्या मुळाशी सूड आहे, असं वाक्य बारकीने वहीच्या पहिल्या ओळीवर लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. वाक्य इतकं जमलं होतं की पुढे काही लिहिण्याची गरजच उरली नव्हती. तेवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शिवणयंत्रावर बसलेल्या आईने तिला कोपर उचलायला सांगितलं. कोपराखाली एका गणवेशाची बाही अडकली होती आणि तो गणवेश दुपारपर्यंत द्यायचा होता.

बारकीने कोपर उचललं. सूड थोडा बाजूला सरकला.

बारकी वीस वर्षांची होती, बापापेक्षा चार बोटं उंच होती आणि साहित्य घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. तरी घरात ती बारकीच. हे नाव मामाने ठेवलं होतं, हा मामाविरुद्धच्या आरोपपत्रातला पहिला मुद्दा. बाकीचे गंभीर होते.

कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या बाईंनी वर्षअखेरच्या निबंधाला विषय दिला होता : अभ्यासलेलं नाटक, माझं घर आणि चालू घडामोडी. वर्गाने या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत असं धरून चालून तसं लिहिलं. एकाने तर नाटकावर दोन पानं, घरावर अर्धं पान लिहून घडामोडींच्या जागी वर्तमानपत्राचं कात्रण डिंकाने चिकटवलं, आणि ते कात्रण हवामानाचं निघालं. बारकीची अडचण उलटी होती. तिच्याकडे तिन्ही मिळून एकच गोष्ट होती.

नाटक असं होतं. एका किल्ल्याचा द्वारपाल. सेनापती त्याला अवेळी दार उघडायला सांगतो, द्वारपाल दोनदा नाही म्हणतो, तिसऱ्यांदा उघडतो. शत्रू आत येतो. सेनापती राजाला सांगतो की दार द्वारपालाने आपल्या मनाने उघडलं. पाचव्या अंकात द्वारपालाची मुलगी भर दरबारात सेनापतीला जाब विचारते आणि सेनापती जागच्या जागी कोसळतो. टिपांमध्ये म्हटलं होतं की हा शेवट काहीसा भडक आहे. बारकीला तो अगदी मोजका वाटला.

आता घर. बारकीचे बाबा शहराच्या पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, माणसाच्या उंचीची चावी आत घालायची आणि वस्तीचं पाणी सोडायचं, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. त्यांची पद्धत ठरलेली होती. आठ फेरे फिरवायचे आणि थांबायचं. कपातला चहा गार होईल इतका वेळ झाकणावर बसून राहायचं. मग पुन्हा आठ फेरे. नळ जुने, आतून गंजाचा थर. पाणी एकदम धावलं तर थर सुटून लोकांच्या हंड्यात येतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. नवे इंजिनीयर त्यांच्या त्या बसण्याला कामचुकारपणा समजत, आणि पहिल्या तक्रारीनंतर समजणं सोडून देत.

मामा त्या खात्यात उपअभियंता होता. आईचा धाकटा भाऊ. आईने यंत्रावर लोकांचे गणवेश शिवून त्याला शिकवलं होतं, आणि त्याने साहेब झाल्यावर पहिलं काम म्हणजे आपल्या मेहुण्याला आपल्या हाताखालच्या विभागात आणलं. तेव्हापासून बाबा त्याला ऑफिसात साहेब म्हणत आणि घरी काय म्हणावं ते न कळल्यामुळे घरीही साहेबच म्हणत. मामा त्यांना भाऊजी म्हणे, पण समोर फाईल नसेल तेव्हा.

महिन्यापूर्वी एका नव्या बागेत कारंज्याचं उद्घाटन होतं. पाहुणे येऊन बसले आणि कारंजं कमरेच्या वर जाईना. मामाने बाबांना फोन केला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, एकदम. बाबांनी सांगितलं की एकदम उघडता येणार नाही. मामाने पुन्हा सांगितलं. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी मामा म्हणाला की आता मी साहेब म्हणून सांगतोय, आणि बाबांनी उघडला. कारंजं दीड पुरुष उडालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी खालच्या वस्तीच्या नळांना विटेच्या रंगाचं पाणी आलं, ते दोन दिवस येत राहिलं, आणि चाळीस माणसं पोट धरून दवाखान्यात गेली.

ही झाली चालू घडामोड. वर्तमानपत्रात बातमी होती, 'व्हॉल्व्हमनचा हलगर्जीपणा', आणि शेजारी बाबांचा ओळखपत्रावरचा फोटो. ओळखपत्रावरच्या फोटोत माणूस मुळातच पकडला गेल्यासारखा दिसतो. त्यामुळे वाचकांची खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी मामा घरी एक टाइप केलेला कागद घेऊन आला. आदेश नसताना व्हॉल्व्ह उघडला, असं त्यात बाबांच्या तोंडी होतं. आठ दिवसांचा प्रश्न आहे, वरच्यांची तोंडं बंद करायची आहेत, नंतर मी बघतो, असं मामा म्हणाला. बाबांनी सही केली. निलंबन झालं. चौकशी सोमवारी होती, आणि मामाने फोनचं खरं लिहून दिलं तरच बाबांची नोकरी राहणार होती. नाहीतर सव्वीस वर्षं त्या एका सहीत संपणार होती. बारकीने बाबांना विचारलं होतं की तुम्ही सही का केलीत. बाबा म्हणाले, तुझ्या आईचा भाऊ आहे तो. आई म्हणायची, माझा भाऊ आहे, तो बघेल. घरात हा विषय तेवढ्यावर मिटवला गेला होता, म्हणजे बारकी सोडून सगळ्यांनी मिटवला होता.

नियतीने बारकीला साथ दिली. शनिवारी सकाळी कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं, उत्तम निबंध तिथे वाचला जाणार होता, आणि प्रमुख पाहुणा म्हणून माजी विद्यार्थी या नात्याने मामा येणार होता. प्राचार्यांच्या वसतिगृहाला पाणी कमी येत असल्यामुळे त्यांना याहून मोठा साहित्यप्रेमी सापडला नव्हता.

बारकीने चार दिवस लिहिलं. सेनापतीच्या प्रत्येक वाक्यासमोर मामाचं वाक्य ठेवलं. मामाचं नाव, हुद्दा, बागेचा पत्ता, फोनची वेळ, काही सोडलं नाही. मामाला रक्तदाब होता, हेही तिने मनाशी धरून ठेवलं होतं. नाटककाराला जे पाचव्या अंकापर्यंत ताणावं लागलं ते इथे दुसऱ्या पानावरच उरकण्याची शक्यता होती.

बाईंनी निबंध वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. त्या म्हणाल्या की हा पहिला. मग त्यांनी लाल पेनाने नाव खोडलं आणि 'एक अधिकारी' केलं. बागेचा पत्ता खोडून 'एक स्थळ' केलं. मामा खोडून 'एक निकटवर्तीय' केला. साहित्य व्यक्तीबद्दल बोलत नाही, वृत्तीबद्दल बोलतं, असं त्यांनी समजावलं, आणि प्राचार्यांच्या खोलीकडे एकदा बघून घेतलं. बारकीने वाद घातला नाही. तिची खात्री होती की नाव नसलं तरी ज्याचं आहे त्याला ते लागणारच. साहित्य शिकणारी माणसं ही एक चूक हमखास करतात.

शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले. आईला गणवेश द्यायचे होते, ती आली नाही. मामा मंचावर मधल्या खुर्चीत होता, गळ्यात हार, समोर पाण्याची बाटली.

बारकीने वाचायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज बारीक होता, आणि द्वारपाल दुसऱ्यांदा नाही म्हणतो तिथपर्यंत तो सभागृहाच्या भिंतींवर आपटायला लागला. तिने कागदावरची नजर काढून मामावर रोखली आणि शेवटचा परिच्छेद पाठ म्हटला : "ज्याने हुकूम दिला तो हार घालून बसतो, ज्याने हुकूम पाळला तो शेवटच्या रांगेत बसतो, आणि मधल्या सगळ्या रांगा टाळ्या वाजवतात."

मधल्या सगळ्या रांगांनी टाळ्या वाजवल्या.

मामा कोसळला नाही. मामा उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो सगळ्यांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवत होता. भाषणात त्याने तयार करून आणलेला कागद खिशातच ठेवला आणि म्हणाला की सरकारी नोकरीतल्या माणसाचं दुःख इतक्या लहान वयात कोणाला कळलेलं मी पाहिलं नाही.

नंतर बाईंच्या खोलीत चहा होता. प्राचार्य वसतिगृहाचा विषय काढून आणि आश्वासन घेऊन गेले, त्यांच्या मागोमाग बाईही. खोलीत मामा, बारकी आणि दाराशी उभे राहिलेले बाबा, एवढेच उरले. मामाने बाबांना हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि बारकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बारके, तू माझ्या मनातलं लिहिलंस," तो म्हणाला. "मोठ्या साहेबांना अगदी हुबेहूब पकडलंयस. मला त्या दिवशी पाच फोन आले त्यांचे. पाच. मी काय करणार होतो? मी आपला द्वारपाल."

बारकीने सेनापती म्हणून उभा केलेला माणूस द्वारपालाच्या जागी जाऊन बसला होता, आणि तिथे चांगला मावतही होता. मोठ्या साहेबांनी निबंध ऐकला असता तर तेही कोणाकडे तरी बोट दाखवून रडले असते, हे तिला स्वच्छ दिसलं. आणि म्हणूनच तिला जास्त राग आला.

"मामा, तो सेनापती तू आहेस," ती म्हणाली. "बाईंनी नाव खोडलं. द्वारपाल बाबा आहेत. तुला पाच फोन आले, पण तू कागद कोणाकडून सही करून घेतलास?"

मामाने आधी बाबांकडे पाहिलं. बाबा कपातल्या चहाकडे बघत होते. त्यांनी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, आणि मामा साहेब झाल्यापासून पहिल्यांदाच साहेबही म्हटलं नाही. मामाने गळ्यातला हार काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून मांडीवर घेतला.

"सोमवारी खरं लिहून दे," बारकी म्हणाली.

"बघतो."

"बघतो नको."

मामा हाराचा दोरा बोटाला गुंडाळायला लागला. मग इतक्या हळू बोलला की बारकीला वाकावं लागलं.

"ताईला सांगू नकोस एवढं. तिला वाटतं मी बघतोय."

बाबा उठले. त्यांनी बारकीच्या खांद्याला हात लावला. त्या हातात मामाचीच विनंती होती, हे तिला कळलं. दोन्ही पुरुषांनी मिळून एका बाईला या सगळ्यापासून वाचवायचं ठरवलेलं होतं. एकाने सही घेऊन आणि दुसऱ्याने सही देऊन.

घरी जाताना बारकी मनातल्या मनात निबंधाला शेवट जोडत होती आणि एकही जुळत नव्हता. सोमवारी मामा काय लिहील हे तिला माहीत होतं. अधिकाऱ्याच्या 'बघतो'मध्ये काय दिसतं ते तिने चार पानं लिहिलं होतं.

आई शेवटच्या गणवेशाला बटणं लावत होती. तिने विचारलं, कसं झालं. बारकी म्हणाली, छान, मामाला खूप आवडलं. बाबा हातपाय धुवायला आत गेले.

"आवडू दे," आई म्हणाली. "सही घ्यायला आला त्या दिवशी त्याने चहा अर्धा ठेवला होता. लहानपणापासून तसंच. खोटं बोलायचं असलं की गिळत नाही त्याला."

आईने दोरा दाताने तोडला, बटण ओढून बघितलं आणि गणवेशाची घडी घालायला घेतली.

"सोमवारी मी येते चौकशीला, तुझ्या बाबांबरोबर. सही कुठे केली, कोणी करवून घेतली, मी समोर होते. विचारतील तर सांगेन, नाही विचारलं तरी सांगेन." तिने घडीवरून हात फिरवला. "तू एवढं कर. उद्या मामाकडे जा. माझे दोन स्टीलचे डबे आहेत त्याच्याकडे, आठवणीने घेऊन ये. झाकणं बघून घे."