निवळलेलं पाणी

विहीर वाचवायची अक्कल मीच पाजळली. अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात तोंडवलीला हिवतापाची फवारणी करणारी माणसं शाळेत उतरली होती. निघताना त्यांनी विचारलं, डीडीटीचे पंप कुठे धुवायचे? मी शाळामास्तर, विचारलं की सांगायचं, ही जुनी खोड. "विहिरीवर नको, खाजणात धुवा," मी म्हणालो. उरलेलं औषधही त्यांनी तिथेच ओतलं.

ते खाजण, म्हणजे बांध घालून अडवलेलं खाडीचं पाणी, यमुनाबाईचं. नवरा गेल्यापासून ती आणि तिची लेक सुभद्रा त्यातल्या सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, जगत होत्या. दुसऱ्या दिवशी सगळी सुंगटं पांढरी पडून वर आली.

मी धीर दिला. म्हटलं, रोज भरती-ओहोटीला बांधाची फळी उघडायची आणि पाणी बदलायचं. महिनाभरात पाणी असं निवळलं की तळाचे शिंपले मोजावेत. भरतीबरोबर नवी पिल्लं आत आली आणि तीही मेली.

"पाणी निवाळ झाला मां, मास्तरानू? मगे मरतत कित्याक?" यमुनाबाईने विचारलं.

मी दोन मडकी घेतली. एकात खाजणाचं वरचं पाणी, दुसऱ्यात तेच पाणी आणि तळाचा मूठभर चिखल. दोन्हींत खाडीतली जिवंत सुंगटं सोडली. पहिल्यातली संध्याकाळीही उड्या मारत होती, चिखलातली दुपारीच गेली. औषध चिखलाला चिकटून खाली बसलं होतं, म्हणून पाणी निवळलं होतं. आम्ही आपले नुसतं पाणी बदलत बसलो होतो. मला माझीच शरम वाटली.

यमुनाबाईला चिखल माझ्यापेक्षा चांगला कळत होता. "पावसात पाणी गोडा होता. गोड्या पाण्यात गाळ बसणा नाय, तरंगता. तेव्हा ढवळून भायर सोडूया."

मी मान डोलावली. आषाढात मायलेकी कमरेएवढ्या चिखलात उभ्या राहून आठ दिवस फावड्याने तळ ढवळत होत्या. गढूळ पाणी भळाभळा बाहेर गेलं. मला वाटलं, सुटलो.

पण ते पाणी पुढे खाडीच्या खाऱ्या पाण्याला भेटलं आणि गाळ तिथेच खाली बसला. तिथे चंद्रावतीचं खाजण होतं, यमुनाबाईच्या धाकट्या जावेचं. भाद्रपदात तिची सुंगटं पांढरी पडून वर आली. थोडा गाळ भरतीने पुन्हा यमुनाबाईकडे आणून टाकला. तिची पिल्लं मरायची थांबलीच नाहीत.

चंद्रावतीने यमुनाबाईशी बोलणं टाकलं. त्या आठवड्यात यमुनाबाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली, हातात चिखलाचा गोळा. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मास्तरानू," ती हळूच म्हणाली, "पंप खंय धुवचे, ता तुमी सांगलात. आता ह्यो चिखल खंय धुवचो, ता पण सांगा."