ताईचा ट्रे

धाकटीला ताप आला नसता तर हे सगळं आणखी कितीतरी महिने झाकून राहिलं असतं. पण ताप काय विचारून येतो? ती अंथरुणाला खिळली आणि तपासणीच्या टेबलावर तिच्या जागी दुसरी एक पोरगी, चष्मेवाली, बसली.

कारखाना कनेक्टरचा. मोठमोठ्या डेटा सेंटरमधली यंत्रं जोडायला केसाएवढ्या काचेच्या तारा लागतात. त्यातल्या बारा तारा नखाएवढ्या तोंडात ओळीने बसवायच्या आणि ते तोंड घासून गुळगुळीत करायचं. घासायची ताई, सख्खी थोरली बहीण. मायक्रोस्कोपखाली तपासायची धाकटी. बहिणीचं काम बहिणीनेच तपासायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, म्हणजे कमालच झाली.

ताईच्या कामावर अलीकडे ओरखडे यायला लागले होते. पहिला दिसला तेव्हा धाकटीने भिंग पुसून पुन्हा बघितलं. वडिलांच्या माघारी ताईनेच तिला वाढवलं, ही नोकरीही ताईनेच लावून दिली. आता कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुझा हात बिघडलाय? ती जेवणाच्या सुट्टीत ते कनेक्टर गुपचूप स्वतः घासायची आणि पास म्हणून पुढे ढकलायची. माया होती खरी, पण अक्कल गहाण टाकलेली.

चष्मेवालीने ताईचा अख्खा ट्रे परत पाठवला. ताईचं डोकंच फिरलं. ही पोरगी माझ्यावर डूख धरून आहे, असं तिने सुपरवायझर बाईंना सुनावलं. वर छातीठोकपणे म्हणाली, माझ्या बहिणीने आजवर एक कनेक्टर परत केलेला नाही, तिलाच विचारा. बाई म्हणाल्या, ठीक आहे, तीच बघेल. पण चूक निघाली तर तू पॅकिंगला जाशील. ताई बेधडक हो म्हणाली.

धाकटी कामावर आली ती थेट मायक्रोस्कोपसमोर. ताई शेजारी उभी, अगदी निर्धास्त. पडद्यावर ताईच्या कनेक्टरमधल्या तारांचे बारा ठिपके उमटले आणि त्यातल्या चारांवरून एक ओरखडा आडवा गेलेला दिसला. बाईही तेच बघत होत्या.

"नापास," धाकटी म्हणाली.

 बाईंनी ताईला एक कनेक्टर समोर घासायला लावला आणि खोट लगेच सापडली. घासायच्या जाड कागदावरून बारीक कागदावर जाताना ताई मध्ये कनेक्टर धूतच नव्हती. जाड कागदाचा कण चिकटून राहायचा आणि ओरखडा काढायचा. हाताला काही झालेलं नव्हतं, नुसती घाईची सवय लागली होती.

पण शब्द दिलेला होता. ताई आपला डबा घेऊन पॅकिंगकडे निघाली. धाकटी मागोमाग धावली आणि रडत रडत सगळं सांगून बसली, की तुला वाईट वाटू नये म्हणून मीच ते परत घासत होते.

ताईने डबा खाली ठेवला.

"पहिल्याच दिवशी सांगायचंस ना गं," ती म्हणाली. "एक दिवस रुसले असते मी. दुसऱ्या दिवसापासून धुवायला लागले असते."